कप्प्याचं नाव बठ्ठंआठे

चमचा ओठांना लागला तशी आईने मान फिरवली. "तो गया," ती म्हणाली. "तुम्ही मनापाईन दपाडी ऱ्हायनात." तो गेला, आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. अहिराणीत हे बोलणं मराठीपेक्षा जास्त लागतं, निदान मला तरी लागतं.

तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. मामा गेलेला नव्हता. मामा जळगावला, दवाखान्याजवळच्या भाड्याच्या खोलीत, मामीच्या हातची पेज पीत बसला होता. त्याला बोलता येत नव्हतं आणि आईला दिसत नव्हतं, एवढंच काय ते झालं होतं. साखरेने आईची नजर केव्हाच नेली होती. त्यात मोरीच्या उंबऱ्यावर पाय सरकून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आणि धुळ्यात देवपूरच्या आमच्या दोन खोल्यांत ती पलंगावर आणि मी पलंगाच्या आसपास, असा आमचा मुक्काम पडला. तिला जळगावला न्यायची सोय नव्हती. मामाच्या गळ्याला कॅन्सरचे शेक चालू होते, मध्ये खंड पडू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून त्याला धुळ्याला आणायचीही सोय नव्हती.

हा माणूस जन्मभर जामनेरच्या बाजारात भुसार मालाच्या लिलावात पुकारा करत होता. त्याने "एकवार, दोनवार" म्हटलं की रस्त्यावरची रिक्षा थांबायची असं मामी सांगते, आणि मामी सहसा त्याचं कौतुक करत नाही. पुकारा करताना गालात तंबाखू, पुकारा संपला की नवी तंबाखू. मी लहानपणापासून त्याच्या पुड्या फेकत आले आणि त्याबद्दल शिव्या खात आले. शेवटी स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला रडू आलं नाही, संताप आला. त्याच्यावर, तंबाखूवर, त्या टपरीवाल्यावर, सगळ्यांवर.

संताप आला की मी काहीतरी करायला घेते, नाहीतर भांडी आपटते. मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. उरलेल्या वेळात एक हौस आहे. जगभरातली माणसं मिळून एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात. ती कॉम्प्युटरवर बसवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, इन्स्टॉलर, त्याचं मराठी माझ्याकडे आहे. शब्द घडवायचे, चुका शोधायच्या, कळवायच्या. मामाच्या जुन्या लॅपटॉपवर मी तीच सिस्टिम घातली होती. ऑपरेशनच्या आधी त्याच लॅपटॉपवर मी बटणांचा एक फळा बनवला. पडद्यावर मोठी बटणं, प्रत्येक बटणामागे मामाच्याच आवाजातलं एक वाक्य. बटण दाबलं की मामा बोलणार.

पहिली थोडी वाक्यं त्याने आमच्या घरी बसून भरली, ती माझ्या फोनवरही होती. बाकीची त्याने जामनेरला स्वतः भरली, ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळपर्यंत भरत होता. टेबलाला खण असावेत तसे डिस्कला कप्पे पाडता येतात. मामाने कुठलासा व्हिडिओ बघून, जुन्या काळातलं एक साधन वापरून, आवाजासाठी स्वतःच एक वेगळा कप्पा पाडला आणि त्याला स्वतःच नाव दिलं. मला फोन करून शेखी मिरवली. पुढे त्याच्या स्वतःच्या गळ्यातून आलेला आवाज मी ऐकलाच नाही, म्हणून ती शेखी माझ्या चांगली लक्षात आहे.

ऑपरेशननंतर रोज संध्याकाळी जळगावहून फोन यायचा. मी तो आईच्या कानाशी धरायची. आई विचारायची, मामा बटण दाबायचा. आईला हे सगळं ठाऊक होतं, तिला मी समजावून सांगितलं होतं. तिला काही अडचण नव्हती. आवाज भावाचा होता, आणि दाबणारा भाऊ होता. फक्त मामाची बोटं जाडजूड, आणि तो आयुष्यात कधी सावकाश वागलेला नाही. आई विचारायची, झोप लागली का, आणि तिकडून भसाड्या आवाजात यायचं, "चहा टाक व." मग गडबडीने दुसरं बटण. एकदा तर तब्येतीची चौकशी चालू असताना लिलावाचा पुकाराच सुटला, "एकवार..." तो त्याने गंमत म्हणून भरला होता. आई पोट धरून हसली. "चुकना," म्हणाली. चुकला. हे रोजचंच झालं होतं. मी मात्र वैतागायची. बटणं आणखी मोठी करून दिली तरी हा चुकायचाच.

मग एका दुपारी लॅपटॉपवर सिस्टिम स्वतःला नवीन करून घेत असताना लाईट गेली. बॅटरी मेलेलीच होती. लॅपटॉप जो बंद पडला तो नुसतं एक चिन्ह दाखवून थांबू लागला.

त्या संध्याकाळी फोन आला, पण मामीचा. मामी म्हणाली, कॉम्प्युटर बिघडला, बाकी सगळं ठीक. आई म्हणाली, मग त्याला दे. मामीने दिला. मामाने फोनवर बोटाने टकटक केली. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा, ही त्याची रीत. आईने ती टकटक ऐकून घेतली आणि म्हणाली, टकटक तर कोणीही करेल. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर तिने जेवण सोडलं. हट्ट म्हणून नाही. घास आत जाईना.

साखरेच्या माणसाने, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने, जेवण सोडणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, संध्याकाळपर्यंत पोटात गेलं नाही तर भरती करू, सलाईन लावू, पण या वयात, मोडलेल्या खुब्यानिशी, मला ते बरं वाटत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं आणि बॅग उचलली.

मी एक उपाय करून पाहिला. माझ्या फोनवरची वाक्यं होती, त्यातलं एक लावलं. "कशी शे व अक्का? जेवनी का?" आईचा चेहरा क्षणभर उजळला. तिने विचारलं, तू कसा शे? मी लगेच पुढचं लावलं, "मी बेस शे." तिने आणखी काही विचारलं, मी लगेच "हां" लावलं. अगदी वेळेवर, एकही चूक न करता. आईचा चेहरा विझत गेला. "हाऊ भाऊ नही," ती म्हणाली. हा भाऊ नाही. त्यानंतर ती माझ्याशीही बोलेना. खोटं ते खोटं, आणि वर तिची खात्री पटवून बसले मी की भाऊ खरंच गेला.

तेव्हा आता एकच मार्ग उरला होता. लॅपटॉप आजच्या आज उठवायचा.

हे तसं अवघड नव्हतं, म्हणजे नसायला हवं होतं. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह मी मामाला आधीच देऊन ठेवला होता. पेनड्राइव्ह लावायचा, सिस्टिमचा कप्पा नव्याने भरायचा, आवाजाच्या कप्प्याला हात लावायचा नाही. मी मामीच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला, आणि मामा माझ्या सांगण्यावरून बटणं दाबू लागला. भाषा निवडली. कीबोर्ड निवडला. मग डिस्कच्या कप्प्यांचं पान यायची वेळ झाली, आणि खिडकी नाहीशी झाली. चूक नाही, सूचना नाही, काही नाही. नुसता निळा पडदा.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. पेनड्राइव्ह दुसऱ्या बाजूला लावला. तेच.

"मोडला का गं?" मामीने विचारलं. मामी बोदवडकडची, तिची बोली वेगळी. "तो कॉम्प्युटर दुरुस्तीचा दुकानवाला म्हणून राह्यला होता, दोन मिनिटांचं काम आहे. तो येतो म्हणाला दुपारी. बोलावून घेते."

"तो काय करणार?"

"सगळं पुसून नवीन घालतो म्हणे. आणि बोलायचं काहीतरी घालून देतो. त्यात बाई बोलते, लिहिलेलं वाचून दाखवते."

मामाने टेबलावर दोनदा टकटक केली. मामीने तिकडे लक्ष दिलं नाही. तिचं काय चुकत होतं? ती कित्येक दिवस एका मुक्या माणसाबरोबर एका खोलीत होती, आणि नणंद तिच्यावर खोटेपणाचा आळ घेत होती. तिला कुठलाही आवाज चालला असता. पण मला चालणार नव्हता, आईला तर नव्हताच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुकानवाल्याचं बरोबर होतं. इन्स्टॉलरमध्ये "पूर्ण डिस्क पुसून टाका" असा एक पर्याय आहे. तो कप्पे वाचतच नाही, त्यामुळे तो बिनबोभाट चालला असता. त्या बटणावरचे शब्द माझे आहेत, मीच मराठीत केले आहेत. एक बटण, आणि मामाचा आवाज जगातून गेला असता.

कोणी म्हणेल, आधी प्रत काढायची. काढली असती, पण दुसरा पेनड्राइव्ह तिथे नव्हता, डिस्क उघडून काढायला त्या पुसणाऱ्या दुकानवाल्याशिवाय तिथे कोणी नव्हतं, आणि काळ्या पडद्यावर लांबलचक आज्ञा मामाच्या त्या बोटांनी टाइप करून घ्यायची माझी हिंमत नव्हती. त्या बोटांनी काय होतं ते मी रोज ऐकत होते.

मी मामीला म्हटलं, तो आला तर त्याला चहा दे, पण माझा फोन येईपर्यंत त्याने लॅपटॉपला हात लावायचा नाही. मामी म्हणाली, बरं. हे "बरं" कच्चं होतं, हे मला कळलं.

मी पलंगाशेजारी खुर्ची ओढली, मांडीवर माझा लॅपटॉप. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी माझ्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार केला, त्याला खोटी डिस्क दिली, त्याच जुन्या साधनाने मामासारखेच कप्पे पाडले, आणि तोच इन्स्टॉलर चालवला. कप्प्यांचं पान झकास उघडलं. सगळे कप्पे रांगेत दिसले. मला त्या पानाचा इतका राग आला की लॅपटॉप मिटून टाकला, आणि मग गुपचूप परत उघडला.

मनात आलं, कप्प्याचं नाव मराठी असेल, त्याने अडखळत असेल. माझ्या खोट्या डिस्कवरच्या कप्प्याला सुचलं ते नाव दिलं, "सगळं इथे". पुन्हा चालवलं. चाललं. म्हणजे नावाचा दोष नाही. मग लाईट जाताना डिस्क खराब झाली असेल. तसं असेल तर संपलंच, आणि मला तसं असायला नको होतं, म्हणून मी तो विचार बाजूला ठेवला. हे शास्त्रीय नाही, मला माहीत आहे.

इन्स्टॉलर मरताना कुठे मेला ते लिहून ठेवतो. ते पान उघडायला मामाला चार बटणं एकदम दाबायला लावली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा उघडलं. त्याने त्याचा फोटो पाठवला. फोटोत अर्धी खिडकीची तिरीप आणि अर्धा मजकूर. मी फोन तिरका करकरून शेवटची ओळ वाचली. तिचा अर्थ असा, की एक नाव वाचताना अक्षर अर्धवट मिळालं, मजकूर मध्येच संपला, जागा पंधरा.

म्हणजे नावच होतं. मी मामाला मेसेज केला, तुझ्या कप्प्याचं नाव काय आहे, जसंच्या तसं पाठव. उत्तर आलं, "बठ्ठं आठे".

बठ्ठं म्हणजे सगळं, आठे म्हणजे इथे. हे मला ओळखीचं होतं. लहानपणी आई आणि मामा बैलगाडीतून बाजाराला जायचे, आणि आई वाटेत दहा वेळा घाबरायची, पिशवी राहिली, पावली हरवली, चप्पल पडली. मामा पुढे बसून मागे न बघता सांगायचा, बठ्ठं आठे शे व अक्का. सगळं इथेच आहे. आई हे अजून सांगते. म्हणजे, बोलत होती तोवर सांगायची.

मी तेच नाव, तसंच, माझ्या खोट्या कप्प्याला दिलं. इन्स्टॉलर चालवला. पान उघडलं.

मला खरंच रडू कोसळलं तेव्हा. आवाज न करता, कारण आईला ऐकू चांगलं येतं. डॉक्टरांनी दिलेली वेळ सरत होती, आणि माझ्याकडे जे होतं ते सगळं चालत होतं. चालणाऱ्या गोष्टीत दोष कसा शोधायचा? फोन वाजला. मामी. "तो आला आहे गं." मागून पुरुषी आवाज, "ताई, उगाच कशाला वेळ घालवताय? डेटा काय, परत भरता येतो."

"परत भरता येत नाही," मी म्हटलं. "ज्याचा आवाज आहे त्याला गळा नाही. तुम्ही चहा प्या." मी एवढ्या मोठ्याने बोलले होते की आईने पलंगावर कूस बदलायचा प्रयत्न केला.

मी मामीला म्हटलं, व्हिडिओ लाव, मामाला दाखव. मामा दिसला. गळ्याला रुमाल, डोळे खोल गेलेले. त्याने त्याची पाटी उचलली. ऑपरेशनपासून तो शाळकरी पाटी-पेन्सिल जवळ ठेवायचा. मी काही विचारायच्या आधीच त्याने त्यावर नाव लिहिलेलं होतं, बहुतेक मला मेसेज नीट मिळाला नाही असं त्याला वाटलं असावं. मोठं अक्षर, लिलावाच्या फळ्यावर लिहायची सवय. आणि वर शिरोरेषा. एकच. ब पासून शेवटच्या ठे पर्यंत न तुटलेली एकच रेघ.

"मामा," मी म्हटलं, "हा एक शब्द आहे?"

टक.

"मध्ये जागा नाही? डिस्कवर नाव देताना मध्ये जागा सोडली नव्हतीस?"

टक. मग पाटी पुसून त्याने लिहिलं, "बोलतो तसं लिहिलं." म्हणजे मेसेजमधली जागा फोनने आपणहून घातली होती. शब्द संपला असं त्याला वाटलं की तो घालतोच. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढली आणि त्या फोनवर विश्वास ठेवला.

मी जागा काढून टाकली. बठ्ठंआठे. इन्स्टॉलर चालवला, आणि माझी खिडकी नाहीशी झाली. निळा पडदा. इतका आनंद मला कुठल्याही गोष्टीच्या मोडण्याने झालेला नाही.

कारण मग सरळ होतं. त्या जुन्या साधनात कप्प्याच्या नावाला सोळा बाइट, म्हणजे सोळा छोटी घरं, मिळतात, जास्त झालं की ते न विचारता कापून टाकतं. आपल्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रा, हलन्त आणि अनुस्वार यांनाही वेगवेगळे तीन. मोकळ्या जागेला मात्र एकच. बठ्ठं लिहायला बरोबर पंधरा लागतात. पुढे मोकळी जागा असेल तर ती सोळावी, आणि काप नेमका शब्दांच्या मध्ये बसतो. जागा नसेल तर सोळाव्या बाइटला आ चा पहिला तुकडा येतो आणि उरलेला आ कापला जातो. ते तुटकं अक्षर इन्स्टॉलरच्या घशात अडकत होतं. माझं "सगळं इथे" मात्र नशिबाने बरोबर अक्षरावर कापलं जात होतं. पुढे मी ही चूक कळवली, दुरुस्तीही पाठवली. परदेशातल्या एकाने विचारलं, असा शब्द खरंच कोणी लिहितं का, की तुम्ही मुद्दाम घडवला? त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण ते नंतरचं. तेव्हा एवढंच करायचं होतं, की कप्प्याचं नाव बदलायचं. एक छोटी आज्ञा. मी मामाला ती मेसेज करून पाठवली, आणि शेवटी म्हटलं, नाव म्हणून कुठलीही चार इंग्रजी अक्षरं टाक. त्याने टाइप केलं. मामीने पडद्यावरून एक एक अक्षर वाचून दाखवलं, आणि शेवटी, "ए, के, के, ए."

"बरोबर. एंटर."

कप्प्यांचं पान जळगावला उघडलं.

दुकानवाला मागे उभा असावा, तो म्हणाला, "अरे, उघडलं की." मी त्याला उत्तर दिलं नाही. आता खरं भय होतं. तीन कप्पे एकाखाली एक. पहिल्या दोनला हात लागला तर चालेल. तिसरा तो. व्हिडिओत पडद्यावर उजेड पडून काही दिसेना, तेव्हा मी मामीला म्हटलं, वाचून दाखव. मामी माझं मराठी वाचू लागली. "माउंट बिंदू," ती म्हणाली. "हे काय असतं गं?" मी म्हटलं, ते सोड, पुढचं वाच. प्रत्येक कप्प्यासमोर एक चौकोन असतो, त्यात खूण असली की तो कप्पा साफ पुसला जातो. त्याला इंग्रजीत फॉरमॅट म्हणतात, सगळं जग फॉरमॅट म्हणतं. मी त्याला मराठीत "स्वरूपण" केलं होतं. फार विचार करून केलं होतं.

"दुसऱ्याला स्वरूपण आहे, खूण आहे," मामी म्हणाली.

"असू दे."

"तिसऱ्यालाही स्वरूपण, खूण आहे. चांगलंच असेल ना? राहू देऊ?"

मामाचं बोट कुठेतरी लागलं होतं. मी इतकंच म्हणू शकले, "नाही."

"पुढे जा असं खाली येऊन राह्यलं. दाबू?"

तिकडे टेबलावर टकटक सुरू झाली. दोनदा, दोनदा, दोनदा. मामाला माझ्या "स्वरूपण"चा अर्थ कळला नव्हता, पण माझा चेहरा दिसत होता. मामीने हात मागे घेतला. मी श्वास घेऊन म्हटलं, मामा, तिसऱ्या चौकोनातली खूण काढ, सावकाश, आणि मग मामीला पुन्हा वाचू दे. त्याने काढली. मामीने वाचलं. मी आणखी एकदा वाचायला लावलं. ती चिडली, तरी वाचलं. खूण नव्हती. मग मी म्हटलं, दाबा. "स्वरूपण" हा शब्द मी आता बदलून फॉरमॅट करून टाकला आहे.

सिस्टिम बसायला वेळ लागतो. तेवढ्यात मी आईचं शुगर तपासलं. आकडा खाली आला होता. मी तिच्या ओठांना साखरपाणी लावलं, तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी तिच्यावर ओरडले. होय, आंधळ्या, मोडलेल्या बाईवर ओरडले, की तो जिवंत आहे, तू मेलीस तर तो काय करेल. तिने हळूच म्हटलं, "मंग बोलू दे ना त्याले."

डॉक्टरांना फोन लावायला हात पुढे केला आणि तोच फोन वाजला. मी स्पीकर लावून आईच्या उशीवर ठेवला. पलीकडे काही क्षण नुसता श्वास, गळ्यातून येणारा. मग मामाचा आवाज आला, तो धान्याच्या ढिगाऱ्यांवर उभा राहून ओरडायचा तोच, पण घरातल्यासारखा खाली आणलेला. "बठ्ठं आठे शे व अक्का."

आईचा हात चादरीवर थांबला. मी तिच्याकडे बघत होते. मला कळलं, ती पारखतेय. हेही वाजवलेलं असेल, असं तिला वाटतंय.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली. "तू जेवना का?"

मला बटणांचा फळा डोळ्यांसमोर दिसत होता, "हां" कुठे आहे, "नही" कुठे आहे, मामाचं ते जाड बोट कुठे जाईल. मी मनात म्हटलं, मामा, नीट, आज तरी नीट. आणि तिकडून पूर्ण बाजार दणाणेल अशा आवाजात आलं, "एकवार... दोनवार..." मग मध्येच बंद. मग खडखड. मग गडबडीने, "चहा टाक व." मग कोणीतरी टेबलावर हात आपटला.

मी कपाळाला हात लावला. आईच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सैल झालं, आधी ओठ, मग कपाळ, आणि ती हसायला लागली. हसताना खुबा दुखला असणार, कण्हली, तरी हसत राहिली.

"चुकना," ती म्हणाली. "मना भाऊच शे."

मग तिने अंदाजाने माझ्याकडे मान वळवली, जिथे मी नव्हते तिथे, आणि म्हणाली, "माले वाढ व पोर. भूक लागनी."